वेदीचं कापड

आई गेली त्याच्या तिसऱ्या शनिवारी
दानिएलकाकांचा फोन आला.
"इम्मानुएल, या आठवड्याचं वेदीचं कापड तुमच्याकडे आहे."
कुठलं कापड?
"कपाटात बघ. निळ्या पिशवीत असेल."

होतं.
साबणाच्या वड्या आणि पेन्शनचं पासबुक यांच्यामध्ये,
घडी नाही, नुसता बोळा.
धुवायचं राहिलं, आणि तिला ससूनला न्यावं लागलं.

एकोणीस वर्षं मी तिकडे फिरकलो नव्हतो.
श्रद्धा काही भांडून गेली नाही माझी.
भांडणं कमिटीची होती, देवळामागच्या जागेची,
कोर्टातल्या तारखांची, कोणाची सही खरी याची.
मी फक्त एका रविवारी उशिरा उठलो.
मग पुढच्याही.
मग क्वार्टर गेटवरून जाताना
घंटा ऐकू येते का
तिकडे कान द्यायचंच सुटलं.
फॉर्मवर धर्माच्या रकान्यात एक शब्द,
डिसेंबरात डबाभर करंज्या,
एवढंच उरलं,
पाडून टाकलेल्या थिएटरच्या नावाचा
बसस्टॉप उरतो तसं.

कापड न्हाणीत पसरलं.
कडेला आईची क्रोशाची लेस,
मधोमध द्राक्षारसाचा डाग,
रुपयाएवढा, वाळून तपकिरी.
आधी वाटलं चहाच. मग वास घेतला.

एकटाच मोठ्यानं हसलो.
ज्याला रक्त म्हणून ओठाला लावायचं
ते निघत नाही म्हणून
माणूस यूट्यूब उघडून बसतो!
लिंबू-मीठ झालं. दूध झालं.
समोरच्या गुलनारभाभी म्हणाल्या,
कापड पातेल्यावर ताणा, उकळतं पाणी उंचावरून ओता.
ओतलं. हात भाजला.
डाग फिका झाला. गेला नाही.

मग उजेडासमोर धरलं
तेव्हा दिसले बाकीचे.
जुने, पुसट, एकात एक मिसळलेले,
किती पाळकांच्या थरथरत्या हातांचे कोण जाणे.
विरलेल्या जागी बारीक रफू,
चष्म्याचा नंबर वाढत गेला तसे
टाके मोठे होत गेलेले.
आई,
यातला एकही डाग तू पुरता काढला नव्हतास.
आणि माझ्या शर्टावर थेंब पडला तर
घर डोक्यावर घ्यायचीस.

इस्त्री फिरवताना
सवयीनं तोंडात शब्द आले,
स्वर्गातल्या बापापासून रोजच्या भाकरीपर्यंत
घसरत आलो,
पुढे क्षमेचं काहीतरी आहे,
कोणी कोणाला आधी करायची,
तिथे अडलो.
लेस करपायला लागली तेव्हा भानावर आलो.

संध्याकाळी स्कूटरच्या पुढ्यात निळी पिशवी.
एप्रिलचं ऊन अजून डांबरात होतं.
देवळाच्या दारात काका, किल्ल्यांचा जुडगा,
आणि वही.
तिसरा शनिवार: सगुणाबाई आढाव.
शाई तिचीच, वळणही तिचंच.
"खोडू का?"
राहू द्या, म्हटलं.
त्यांनी पेनाचं टोपण परत लावलं.
बरं वाटलं त्यांना, की मला, ठाऊक नाही.

आत पंख्याच्या पात्यावर चिमणी बसली होती,
म्हणून पंखा बंद.
आम्ही दोघांनी चार कोपरे धरले.
मी डाग मागे लपवायला गेलो, तर काका म्हणाले,
"पुढे नको, मागेही नको. तिथेच, मधे.
वर प्याला येतो. सगुणाबाई तसंच घालायच्या."
थोड्या वेळानं म्हणाले, "उद्या येशील?"
बघतो.
"त्याही बघतेच म्हणायच्या,
तुझ्याबद्दल विचारलं की."

परतताना क्वार्टर गेटला सिग्नल लाल.
मागून हॉर्न, शेजारी बँडवाल्यांचा टेम्पो,
आणि या सगळ्याच्या खालून
काहीतरी वाजल्यासारखं झालं.
सहाची घंटा असेल,
नाहीतर कुठल्या दुकानाचं शटर.
मी स्कूटर बंद केली,
नीट ऐकू यावं म्हणून.